कणगीतलं दाढीचं सामान

प्रिय आई,

हे पत्र तू येकटीनं वाच. तुला चौथीपतूर वाचता येतं म्हनून मोटं मोटं अक्षर काढलंय. मामाला दावू नको आन मुक्तीला तर मुळीच न्हाई. ती मागंल, तिला सांग दादानं कालवडीचं लिवलंय. धुनं घेऊन इहिरीवर जा न्हाईतर माळवदावर जा, पर येकटी वाच. आत जे लिवायचंय ते तोंडानं सांगायची माजी छाती न्हाई. तुला ठावं हाय, मास्तरनं हुभं केलं की माज्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई, म्हनून तर सातवीत दप्तर खुटीला टांगलं ते कायमचं. आता येकुनीस वर्साचा झालो तरी गत तीच हाय.

कालवड म्हनलो ते खरंच झालीया. कपिली व्याली. कपाळावर पांढरा ठिपका हाय. तिचं नाव अजून ठिवलं न्हाई. भाकरी मीच थापतो, तव्यावर टाकली की तिचं दोन तुकडं हुत्यात. शेजारची कडूआजी कोरड्यास आनून देती. कोरड्यास द्यायला येती का घर धुंडाळायला येती, मला कळंना. येती ती वाडगं ठिवायच्या आदी नानांच्या वळकटीकडं बगती. परवा म्हनली, मालन कवा यायची रं? मी म्हनलो, मामी आजारी हाय. तर म्हनती, मामी तिकडं आजारी आन तुजा बाप हितं का लंगडतो? मी भाकरी करपली म्हनून चुलीकडं तोंड केलं.

तू गेलीस तो दिवस माज्या डोळ्याफुडनं हलत न्हाई. बाजरी काढायला तू कनगीत हात घातला आन बाजरीसंगट फडक्याचं बोचकं वर आलं. दाढीचं मशीन, वासाचा साबन, पावडरीचा डबा. नानांचं गाल तर जलमभर पुंजाराम न्हाव्याच्या हातात. त्येंनी सवता कदी साबन फेसला न्हाई. तू इचारलंस, कुनासाठी नटताय? नाना भितीकडं बगत ऱ्हायलं. तू म्हनलीस, जिच्यासाठी वासाचा साबन लावताय तिच्याच हातची भाकर खावा आता. आन मुक्तीला कडंवर घेऊन सोनईची यश्टी धरलीस. मी उंबऱ्यात हुतो. नानांच्या बाजूनं बोललो न्हाई, तुज्या बी न्हाई. तू म्हनली असशील पोरगं बापाला सामील हाय. तसं न्हाई. मला बी संशय हुता, आन तो तुज्या आदीपासनं हुता.

तू कनगीतलं बोचकं बगितलंस. मी त्येच्या आदी नानांना धोतर धुताना बगितलं हुतं. आपलं नाना, जे पान्याचा तांब्या सवता भरून घेत न्हाईत, ते इहिरीच्या पल्याड दगडावर धोतर चोळत हुतं. मला बगितलं तसं वलंच पिळून बगलंत मारलं. म्हनलं, काट्यावर बसलो, डाग पडला. मी म्हनलो बरं. पर काट्यावर बसल्यावर डाग मागं पडतो, हा फुडं हुता. मंग गोठ्यात झोपायला लागलं, कपिलीचं दिस भरल्यात म्हनून. न्हानीला गोनपाटाचा पडदा आला. बाजाराला नगरला जायचं आन येताना पिशवी रिकामी. मी मनात येक येक सांधत गेलो. रातच्याला नुसता कूस बदलायचो. तिकडं येक बाई हाय, हे मी ठरवूनच टाकलं हुतं. ती कशी दिसती, कुठं ऱ्हाती, ते बी माज्या मनानंच रचलं. माळीवाड्यात ऱ्हाती, हिरवं लुगडं नेसती, असं.

पुंजाराम ऐतवारी आला तवा तर कहरच झाला. नाना अंगनात मांडी घालून बसतच न्हाईत. पुंजाराम वस्तरा पालवत म्हनला, मांडी घाला की रंगनाथराव, नव्या नवरीवानी पाय जुळवून काय बसलाय? काखा करू का? नाना म्हनलं, नगं, गालच कर आन जा. पुंजाराम गेला तो थेट पारावर. सांजच्याला मी पारावरनं जात हुतो तर छगन मोट्यानं म्हनतो, शिबिरातनं आल्याली मानसं अशीच चालत्यात, दोन बोटं वरनं. खाली समदं भादरून घेत्यात, मंग नस कापत्यात. समदे हसलं. पुंजाराम सगळ्यात जास्त हसला. मला धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं. पर घरी येऊन इचार केला, छगन म्हनतो ते खरं असलं तर? मंग बाई न्हाई, नसबंदी. आता माज्या डोस्क्यात दोन संशय झालं आन दोन्ही बी येकमेकाला धक्का देत हुतं. बाई असंल तर आईचा घात, नसबंदी असंल तर न सांगता केली म्हनून घात. बापाच्या तोंडाकडं बगितलं की दोन्ही बी खरंच वाटायचं.

मंगळवारी नाना निघालं. मी म्हनलो मी रानात जातो, आन फाट्यावर जाऊन त्याच यश्टीत मागल्या बाकावर तोंडाला पटका गुंडाळून बसलो. कंडक्टर आपला काकासाहेब हुता. त्येनं माज्याकडं बगून डोळा मारला आन तिकीट फाडलं. माळीवाड्याला नाना उतरलं. मी मागनं. ते हळूहळू चालत हुतं, मधीच भितीला हात टेकायचं, मला वाटलं मागं कोन हाय का बगत्यात. येका बोळाच्या तोंडाला थांबलं. आई, देवाशपत सांगतो, हिरव्या लुगड्यातली येक बाई समोरनं आली आन नाना तिच्यासंगं बोलाय लागलं. ती हसली. हातानं आत चला म्हनली. नाना तिच्या मागं आत गेलं. मला घरी पळून यावंसं वाटलं, तुला सोनईला येऊन सांगावंसं वाटलं की तुजं खरं हाय. पर पाय उचलून बोळात गेलो. बोळ दवाखान्याच्या मागल्या दाराला जात हुता. ती बाई तितली झाडनारी. दारात झाडू घेऊन बसली हुती आन मला म्हनली, तू बी गळू दावायला आलास व्हय रं?

आत बाकावर मानसं बसली हुती, त्यात नाना कडंला. मलमपट्टी करनारं राधाकृष्ण म्हनून येक गृहस्त हायत, चष्मेवालं, त्येंनी मला इचारलं, तुम्ही कोणाबरोबर? मी नानांकडं बोट केलं. नानांनी वळून बगितलं. आई, नानांना मी रागावल्यालं बगितलंय, प्यालेलं बगितलंय, आज्जा गेला तवा रडताना बी बगितलंय. पर तसं तोंड मी कदी बगितलं न्हवतं. चोरी करताना धरल्यालं पोर असतं तसं. मला म्हनलं, तुजी आई हाय का संगं? मी न्हाई म्हनलो. तर त्येंनी डोळं मिटलं.

आता सांगतो. बाई न्हाई. नस बी कापली न्हाई. नानांना अंतर्गळ झालाय. इहिरीचा गाळ काढताना वजन उचललं तवापासनं. आतडं जांघंत उतरतं, लिंबायवडी गाठ येती, निजलं की आत जाती. कवापासनं म्हनून इचारलं तर म्हनत्यात, तू आन तुजी आई मक्यात हुता तवा. म्हंजी मागल्या साली! घट्ट लंगोट बांधून बांधून दडवलं. डाक्टर म्हनला आपरेशन करावं लागंल, शनवारी या, आदी केस काढावं लागतील, ते आमचा मानूस सकाळी करतो. इथंच सगळा घोळ झाला.

तो मानूस कोन असंल? आपल्या पुंजारामाचा मेव्हना! नानांनी बगितल्या बगितल्या वळखलं, आपल्याकडं लग्नात हजामतीला आला हुता. नानांचा जीव तितंच गेला. ह्येच्या हातनं तितली हजामत झाली की ऐतवारच्या आत पुंजारामाला कळनार, पुंजारामाला कळलं की पारावर, आन पारावर गेलं की अंतर्गळाचं नाव कोन घेतो, समदे म्हननार रंगनाथनं नस कापली. दुसरं म्हंजी वार शनवार. नाना शनवारी अंगाला वस्तरा लावत न्हाईत, ते तुज्या बापानं घातल्यालं. लगीन झालं तवा शिंगनापूरला देवापुढं हुभं करून म्हातारबानं शब्द घेतला हुता, आमच्या जावयानं शनवार पाळायचा. नानांनी आजपतूर पाळला. तू म्हनतीस नानांना तुज्या माहेरचं कौतुक न्हाई.

तर नानांनी काय केलं, बुधवारीच गोठ्यात बसून सवता उरकलं. मशीन इकत घेतलं. दुकानदाराला साबन मागितला, त्येनं इचारलं कशाला, तर नाना लाजलं आन म्हनलं, कुठला बी दे. त्येनं वासाचा दिला, वरनं पावडर बी गळ्यात मारली. आन पातं? आदल्या दिशी बैलाच्या सुजल्याल्या खांद्याचं केस ज्या पात्यानं काढलं, तेच घातलं मशीनीत. नवं कशाला मोडायचं म्हनून! कात्री लावली न्हाई, पानी लावलं न्हाई, वाकलं की गाठ उतरायची म्हनून न बगता, चाचपत, उलट्या बाजूनं वढलं. जागोजाग कापलं. वर चुना लावला, त्यावर पावडर, त्यावर तोच घट्ट लंगोट. शनवारी गेलं तर समदीकडं फोड आन पू. डाक्टरनं बगितलं आन हाकलून दिलं. म्हनला, या कातडीवर मी सुरी लावली तर आत घान जाईल आन तू मरशील. फोड बरं हुईपतूर आपरेशन न्हाई.

राधाकृष्णांनी नानांच्या फुडं मला बसवलं आन समजावलं. मी खाली मान घालून ऐकलं, पर येक शब्द सोडला न्हाई. म्हनलं, घरी पातं लावूच नका. कात्रीनं नुसतं बारीक करायचं, कातडीला कात्री टेकवायची नाही. कात्री आधी उकळून घ्यायची. रोज साध्या साबणानं धुवायचं, फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. चुना नाही, तुरटी नाही, पावडर नाही, वासाचं काही नाही. फोड हातानं फोडायचे नाहीत, कोमट पाण्याच्या घड्या ठेवायच्या. लंगोट सैल. उरलेलं त्या दिवशी सकाळी मी स्वतः नव्या पात्यानं करीन. नाना खालच्या आवाजात म्हनलं, आन फुडं कदी मानसाला वाटलं, घाम येतो, खाजतं, तर? राधाकृष्ण म्हनलं, काढलेच पाहिजेत असं काही नाही, देवानं उगीच दिलेले नाहीत. काढायचेच तर आधी कात्री, मग कोमट पाणी, साबण, कातडी ताणून धरायची आणि केस वाढतात त्याच बाजूनं हलका हात. पातं नवं आणि आपलं स्वतःचं. भावाचं नाही, शेजाऱ्याचं नाही आणि बैलाचं तर नाहीच नाही. मला हसू आलं. नानांना बी आलं, पर हसलं की गाठ दुखती म्हनून पोट धरलं.

आता तुला वाटंल, पोराला बापानं पढवून लिवायला बसवलंय. मला बी तुज्या जागी तसंच वाटलं असतं. म्हनून येकच इचार कर. नानांनी ते बोचकं लपवलं कुठं? कनगीत! तू रोज सकाळ-सांज हात घालतीस तितं! नानांना वाटलं, बाजरी पेरनीलाच काढत्यात. इतक्या वर्साच्या संसारात त्येंना घरातली भाकर कुठनं येती ते म्हाईत न्हाई. बाई ठिवनारा गडी असा लपवतो व्हय? तो छगनसारखा असतो, त्येचं काय बी सापडत न्हाई.

तवापासनं कात्रीचं काम मी करतो. नानांना वाकता येत न्हाई आन दुसऱ्याला सांगायचं न्हाई. पयल्या दिशी दोघांना बी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी गोठ्याचं दार लोटून घेतलं, कपिली रवंथ करत हुती. मी कात्रीकडं बगायचो आन नाना कालवडीकडं. नाना सारखं बोलत हुतं, ठिपका बग कसा पडलाय, चांदनीसारखा, आईवर गेलीया. मी कात्री खाली ठिवली तवा म्हनलं, सहादू, दम खा, तू तान्हा असताना येकदा मी तुजा लंगोट धुतलाय रं पोरा, त्येचीच फेड समज. मला आजपतूर वाटायचं मी लई लाजरा. पर माज्याहून लाजरं मानूस आपल्या घरात हुतं, आन ते वरडून वरडून लाज झाकायचं. आता फोड सुकलं. राधाकृष्णांनी मंगळवारी बगितलं आन म्हनलं, छान, या शनिवारी घेऊ.

तरी नानांच्या मनातला संशय मरंना. डाक्टरला तीनदा इचारलं, गाठ काढता काढता माजी नस तर न्हाई ना कापनार? डाक्टर चिडला. म्हनला, ज्याची त्याची सही घेतल्याबिगर तसलं काय करत न्हाई. भाईर आल्यावर नाना मला म्हनत्यात, लई रागावला, कायतरी असंलच. मी म्हनलो, नाना, ज्येला त्येला संशय आला की आपल्या घरावानी हुतं.

आई, आता खरं लिवतो, ज्येच्यासाठी कागूद घेतला ते. काल रानात नानांची गाठ आत जाईना. दगडासारखी झाली, नानांना वकारी आली, अंग गार पडलं. मी गाडी जुपतच हुतो तवर निजल्यावर सरकली. असं परत झालं आन सरकली न्हाई तर आतडं कुजतं, मानूस दोन दिसात जातो, हे डाक्टरनं आदीच सांगितलंय. शनवार चुकवून चालनार न्हाई. आन नाना रुसून बसल्यात. म्हनत्यात, शनवारी अंगाला पातं लावनार न्हाई, शब्द तुज्या आईच्या बापाला दिलाय, मोडायचा तर तिनं येऊन मोडावा. मी म्हनलो मी तिला लिवतो. तर माज्यावर वरडलं, खबरदार, तिला आपल्या पायानं यायचं तर येऊ दे. मंग कालवडीच्या पाठीवरनं हात फिरवत, माज्याकडं न बगता म्हनलं, मला सुरीचं भ्या न्हाई रं सहादू. पर मी तितं टेबलावरच ऱ्हायलो, तर मी मरंन आन तुज्या आईच्या मनातली ती बाई जित्ती ऱ्हाईल. जलमभर तिच्यासंगं भांडत बसंल ती, आन भांडायला मी नसनार. आई, ती बाई तू आन मी दोघांनी मिळून केलीया, तिला मारायला तूच पायजे. हे पत्र काकासाहेबाच्या हाती देतो, तो आजच सोनईला पोचता करंल. उद्या सुक्करवारी दुपारच्या यश्टीनं नगरला ये, मी स्टँडावर हुभा ऱ्हातो. शनवारचा नेम तू मोड. मामाला सांग, कालवडीचं नाव ठिवायला चाललीया. ते खोटं न्हाई, नानांनी तिला अजून नुसतं ए बाई, ए बाई म्हनूनच हाक मारलीया, आन त्या येका बाईचं नाव तूच ठिवायचं हाय.

वाट बगत, तुजाच,
सहादू